टायटनच्या धुरक्यातल्या दोन काळ्या रेषा

हे प्रकरण एका हौशी प्रतिमा-अभ्यासकाचं आहे. त्यांना इथे ‘क्ष’ म्हटलं आहे आणि त्यांचं काम तपासणाऱ्या जाणकाराला ‘य’. दोघांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. काम मात्र ज्या प्रतिमांवर झालं त्या कुणालाही उघडून पाहता येतात, त्यामुळे इथले बहुतेक निर्णय वाचकाला स्वतः करून बघता येतील.

पार्श्वभूमी

टायटन हा शनीचा सर्वांत मोठा उपग्रह, व्यास सुमारे ५,१५० किमी. त्याच्याभोवती मुख्यतः नायट्रोजनचं दाट वातावरण आहे आणि त्यात थोडा मिथेन. वरच्या थरांत सूर्याच्या अतिनील किरणांनी हे रेणू फुटतात, तुकडे पुन्हा जुळतात आणि त्यांतून सेंद्रिय कणांचं नारिंगी धुरकं तयार होतं. १९८० साली व्हॉयेजर १ हे यान जवळून गेलं तेव्हा त्याला एक जवळपास कोरा नारिंगी गोळा दिसला. जमीन दिसलीच नाही.

जमीन जवळून दिसली ती १४ जानेवारी २००५ रोजी. शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानापासून सुटलेलं हायगेन्स हे यान पॅराशूटला लटकत सुमारे अडीच तासांत खाली उतरलं आणि उतरल्यावरही काही काळ संदेश पाठवत राहिलं. त्यावरच्या कॅमेऱ्याच्या संचाची रचना मोठी मजेशीर होती. संवेदक एकच, पण त्याच्यावर प्रकाशतंतूंच्या जुड्यांमधून तीन वेगवेगळी भिंगं प्रतिमा टाकत. एक जवळजवळ थेट खाली पाहणारं, एक मधल्या तिरक्या कोनात पाहणारं आणि तिसरं बाजूला पाहणारं. आपल्या प्रकरणात महत्त्वाचं आहे ते हे तिसरं. त्याची प्रतिमा १२८ बाय २५६ पिक्सेलची, म्हणजे आजच्या फोनवरच्या एखाद्या चिन्हापेक्षा फार मोठी नाही. अधोबिंदूपासून, म्हणजे थेट खालच्या दिशेपासून, सुमारे ४५ अंशांपासून ते क्षितिजाच्या किंचित वरपर्यंत, ९६ अंशांपर्यंत, ते पाहू शकत होतं. दूरचा भूभाग कुठे सापडायचा असेल तर तो याच पट्टीत.

तिन्ही कॅमेरे ६६० ते १,००० नॅनोमीटर या पट्ट्यात, म्हणजे लाल आणि निकटच्या अवरक्त प्रकाशात पाहत होते. तरंगलांबी वाढली की धुरक्यात प्रकाश कमी विखुरतो, म्हणून ही निवड. त्यामुळे मूळ प्रतिमा कृष्णधवल आहेत. टायटनच्या जमिनीची जी नारिंगी चित्रं आपण पाहतो, त्यांतला रंग वर्णपटमापकाच्या नोंदींवरून नंतर चढवलेला आहे.

आणखी एक गोष्ट. हायगेन्स दोन वाहिन्यांवरून माहिती पाठवत होतं, पण कॅसिनीवरच्या एका रिसीव्हरला हवी ती आज्ञा गेली नव्हती आणि ती वाहिनी रिकामी गेली. प्रतिमा दोन्ही वाहिन्यांत वाटलेल्या होत्या. हाती लागल्या सुमारे ३५०, ठरल्यापेक्षा निम्म्या. सलग फिरत काढलेल्या पट्टीत जिथे एकमेकांवर चढणाऱ्या फ्रेम मिळायला हव्या होत्या, तिथे फटी राहिल्या.

कच्च्या प्रतिमा लगोलग सर्वांसाठी खुल्या झाल्या आणि जगभरच्या हौशी मंडळींनी त्या जोडून भूदृश्यं बनवली. त्यांपैकी बहुतेकांत जवळचा भाग सुरेख दिसतो: उजळ उंचवटे, त्यांतून वाहणाऱ्या काळ्या नाळ्या, पुढे काळपट सपाटी. लांबचा भाग मात्र करड्या पट्ट्यात विरून जातो. क्ष यांना नेमका तो पट्टा हवा होता. सुमारे ८ किमी उंचीवरून चारही दिशांना, शक्य तितक्या क्षितिजापर्यंत पाहणारं एक विहंगम चित्र करायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

अडचण कुठे होती

पहिली अडचण धुरक्याची. खाली गेल्यावर हवा स्वच्छ होईल अशी उतरण्यापूर्वी बऱ्याच जणांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात धुरकं जमिनीपर्यंत पसरलेलं निघालं. सरळ खाली पाहताना ते त्रास देत नाही, कारण वाट छोटी असते. तिरकं पाहताना प्रकाशाची वाट लांबत जाते आणि दोन गोष्टी एकदम घडतात. जमिनीवरून येणारा प्रकाश वाटेत गळत जातो, आणि मधली हवा स्वतःच उजळून त्यात आपला प्रकाश मिसळते. क्षितिजाजवळ दुसरा भाग इतका वरचढ होतो की जमिनीच्या उजेडातला फरक पिक्सेलच्या आकड्यात जेमतेम एकदोन पायऱ्यांचा उरतो.

दुसरी अडचण भूमितीची, आणि माझ्या मते लोक हिलाच सर्वांत कमी लेखतात. बाजूच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल म्हणजे सुमारे ०.२ अंश. ८ किमी उंचीवरून ३० किमी दूरच्या जमिनीवर हा पिक्सेल आडवा सुमारे १०० मीटर व्यापतो, पण खोलीच्या दिशेने ४०० मीटर. तेच १०० किमी अंतरावर खोलीच्या दिशेने ५ किमीहून जास्त होतं. टायटन लहान असल्याने क्षितिजही जवळ आहे: ८ किमी उंचीवरून भूमितीच्या हिशेबाने सुमारे २०० किमी. म्हणजे चित्रात शेवटच्या काही पिक्सेलच्या ओळींत निम्म्याहून जास्त अंतर कोंबलेलं असतं. धुरकं अजिबात नसतं तरी तिथे फारसं काही वाचता आलं नसतं.

तिसरी अडचण उपकरणाची. प्रकाशतंतूंच्या जुडीमुळे प्रतिमेवर जाळीसारखा एक ठसा उमटतो. यानावर १२ बिटांचे आकडे वर्गमूळासारख्या कोष्टकाने ८ बिटांत बसवले जात आणि मग प्रतिमेचे चौकोनी खंड करून त्यांचं कॉम्प्रेशन होई, कारण वाहिनी सेकंदाला ८ किलोबिटांच्या आसपासची होती. कॉन्ट्रास्ट ताणला की हे चौकोन डोकं वर काढतात, आणि त्यांच्या आडव्या कडा क्षितिजाला समांतर असतात. दूरच्या डोंगररांगाही तशाच दिसणार!

चौथी अडचण दिशेची. यान स्वतःभोवती फिरत होतं. ते अपेक्षेच्या उलट दिशेने फिरू लागलं, झोकेही खात होतं, आणि सूर्याचा वेध घेणारा संवेदक नीट काम करेनासा झाला. कोणती फ्रेम कोणत्या दिशेची, हे प्रतिमा एकमेकींशी जुळवून शोधावं लागतं. झोक्याचा एक अंश चुकला तर ३० किमी अंतरावर चूक साधारण २ किमीची होते. १०० किमी अंतरावर तोच एक अंश जवळपास ५० किमीचा घोळ घालतो.

पहिला प्रयत्न आणि त्यातून उभा राहिलेला प्रश्न

क्ष यांनी सुरुवातीला खुल्या कच्च्या प्रतिमा घेतल्या आणि प्रत्येक भागाचा कॉन्ट्रास्ट स्थानिक पातळीवर ताणणारं नेहमीचं साधन वापरलं. निकाल पाहून कुणीही खूश झालं असतं. उत्तरेला, उजळ उंचवट्यांच्या पलीकडे, दोन काळपट समांतर रेषा उमटल्या. त्याहून लांब एक उजळ कड, जणू डोंगराची धार. पश्चिमेच्या बाजूला एक फिकट डाग. आकाशातही एक पातळ पट्टा.

य यांनी चित्र पाहून एकच विचारलं: यातलं काय जमिनीवर आहे आणि काय कॅमेऱ्यात?

प्रश्न खोचक वाटतो, पण इथे एक गंमत होती. उत्तरेच्या त्या दोन रेषा खऱ्या आहेत हे आधीच प्रसिद्ध झालेलं आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये कॅसिनीच्या रडारने उतरण्याच्या जागेवरून एक पट्टा टिपला. हायगेन्सच्या चित्रांतले उजळ-काळे भाग त्या रडारचित्राशी सहजासहजी जुळेनात, कारण रडारला जमिनीचा रंग कळत नाही, खडबडीतपणा कळतो. जुळल्या त्या सुमारे ३० किमी उत्तरेकडच्या दोन लांब काळ्या वालुकागिरी (वाळूच्या टेकड्या), ज्या दोन्हींत होत्या. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात त्यांच्याच आधारे हायगेन्सची जागा रडारच्या नकाशावर पक्की केली गेली. क्ष यांनी हे वाचलेलं होतं.

म्हणजे रेषा दिसल्या यात शोध काहीच नव्हता. उलट धोका होता. तिथे काय असायला हवं हे माहीत असलेला माणूस कॉन्ट्रास्टचा स्लायडर कुठवर ओढेल? ते दिसेपर्यंत.

विचारात घेतलेले पर्याय

स्थानिक कॉन्ट्रास्ट ताणणं तसंच पुढे नेण्याचा पर्याय सर्वांत सोपा होता. चित्र देखणं होतं आणि ‘कलात्मक संस्करण’ अशी तळटीप टाकली की कुणाची तक्रार नसते. पण ही पद्धत प्रत्येक खिडकीत उपलब्ध फरक सारखा फुगवते. जिथे जमिनीचा फरक आहे तिथे जमीन फुगते, जिथे नाही तिथे नॉइज, म्हणजे आकड्यांतला निरर्थक चढउतार, फुगतं, आणि पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच ठळक दिसतात. दूरच्या भूदृश्यासाठी याहून वाईट साधन शोधणं कठीण आहे, असं माझं मत आहे.

पृथ्वीवरच्या छायाचित्रांतलं धुकं काढणारे तयार अल्गोरिदम हा दुसरा पर्याय. त्यांतले लोकप्रिय प्रकार रंगांवर चालतात: स्वच्छ दृश्याच्या प्रत्येक तुकड्यात एखाद्या तरी रंगात एखादा पिक्सेल जवळजवळ काळा असतो, असं ते गृहीत धरतात. इथे रंग एकच, आणि काळी सावली जवळपास नाहीच, कारण टायटनवर प्रकाश सगळीकडून पसरून येतो. गृहीतकच लागू नसल्याने हा पर्याय लवकर बाद झाला.

न्यूरल नेटवर्कने तपशील वाढवण्याबद्दल दोघांत थोडी चर्चा झाली. क्ष यांनी एक चाचणी म्हणून ते करूनही पाहिलं. नाळ्यांच्या कडा रेखीव झाल्या, उंचवट्यांवर घळ्या उगवल्या. त्या घळ्या कुठून आल्या? ज्या चित्रांवर ते नेटवर्क शिकलं होतं तिथून. हा पर्याय त्याच दिवशी बंद झाला आणि ते योग्यच होतं.

वातावरणातल्या प्रकाशाच्या प्रवासाचं पूर्ण गणित मांडणं हा चौथा, शास्त्रीयदृष्ट्या सर्वांत भक्कम पर्याय. कणांचा आकार, उंचीनुसार त्यांची दाटी, सूर्याची दिशा हे सगळं घालून प्रत्येक पिक्सेलमधला हवेचा उजेड काढायचा. हे काम व्यावसायिक गटांनी केलेलं आहे. एकट्याने घरच्या संगणकावर ते पुन्हा उभारणं शक्य असलं तरी त्यात मॉडेलच्याच चुका क्षितिजाजवळ सर्वांत मोठ्या होतात, आणि क्ष यांना तोच भाग हवा होता.

उरला पाचवा पर्याय: हवेचा उजेड मॉडेलवरून न काढता प्रतिमांच्याच सांख्यिकीवरून काढणं. क्ष यांनी तो निवडला. य यांनी एक अट घातली. चित्र पाहण्याआधी कसोट्या लिहून ठेवायच्या. क्ष यांनी त्या लिहिल्या खऱ्या, पण सगळ्या नाही. त्याचा परिणाम पुढे येतो.

काय केलं

सर्वप्रथम मूळ माल बदलला. आधीच्या खुल्या प्रतिमा पुन्हा जेपेग केलेल्या होत्या, म्हणजे कॉम्प्रेशनवर कॉम्प्रेशन. नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टीममध्ये आणि युरोपीय अवकाश संस्थेच्या संग्रहात हायगेन्सची रीतसर नोंदवलेली माहिती आहे. ती घेऊन, वर्गमूळाचं कोष्टक उलटं फिरवून, आकडे पुन्हा प्रकाशाच्या प्रमाणात आणले. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि बहुतेक जण ती गाळतात. पण पुढची वजाबाकी प्रकाशाच्या प्रमाणातच अर्थपूर्ण असते. वर्गमूळातून वर्गमूळ वजा केलं तर काय उरतं, हे सांगता येत नाही.

मग कॅमेऱ्याचा ठसा. इथे यानाचं फिरणं उपयोगी पडलं. जमिनीवरची खूण फ्रेमगणिक जागा बदलते, पण जाळीचा ठसा, संवेदकातला डाग आणि कॉम्प्रेशनच्या चौकोनांच्या कडा प्रतिमेच्या चौकटीत जिथल्या तिथे राहतात. म्हणून प्रत्येक फ्रेममधला मोठा, मऊ चढउतार आधी काढून टाकला आणि उरलेल्या फ्रेम चौकटीला चौकट लावून एकावर एक ठेवल्या. प्रत्येक पिक्सेलचं मध्यक घेतलं. त्या मध्यकात जे दिसलं ते सगळं कॅमेऱ्याचं.

त्यात काय दिसलं? उत्तरेची ती ‘डोंगराची धार’. ती सगळ्याच दिशांच्या फ्रेममध्ये त्याच ओळीवर होती. पहिल्या चित्रातली सर्वांत देखणी गोष्ट अशी गेली.

आकाशातल्या पट्ट्याबद्दल क्ष जरा थांबले. हायगेन्सच्या प्रतिमांत सुमारे २१ किमी उंचीवर धुरक्याचा एक पातळ थर खरोखरच नोंदवलेला आहे, त्यामुळे ‘पट्टा दिसला म्हणजे दोष’ असं म्हणून चालत नाही. पण हा पट्टा यान कितीही उंचीवर असलं तरी प्रतिमेत त्याच जागी होता. खरा थर यान खाली जाईल तसा क्षितिजाच्या तुलनेत वर सरकायला हवा. तोही गेला.

पुढचा निर्णय वजाबाकी की भागाकार, हा. फ्लॅट-फील्डची, म्हणजे कॅमेऱ्याची असमान संवेदनशीलता भागाकाराने काढण्याची, सवय असलेले लोक हवेच्या उजेडालाही भागतात, आणि चित्र लगेच सपाट, नीटनेटकं दिसतं. पण हवेचा उजेड जमिनीच्या प्रकाशात मिळवला जातो, त्याने गुणला जात नाही. भागलं तर दूरचा उरलासुरला फरकही दबतो. क्ष यांनी उंचीच्या एका पट्ट्यातल्या फ्रेम घेऊन, अधोबिंदूपासूनच्या कोनानुसार आणि सूर्याच्या दिशेच्या तुलनेत उजेडाचा एक गुळगुळीत आलेख बसवला आणि तो वजा केला. त्यानंतर वाटेच्या लांबीनुसार गळती भरून काढणारा गुणक लावला. या गुणकावर त्यांनी मुद्दाम एक कमाल मर्यादा घातली. मर्यादेपलीकडे पिक्सेल वाढवायचाच नाही, करडा सोडायचा. सगळ्या कामात मला हा निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो एकदा घेतला की स्लायडर ओढायला जागाच राहत नाही.

यानंतर फ्रेम जुळवण्याची पाळी. य यांनी सुचवलं की रडारचा नकाशा पायाला घ्यावा, दोन वालुकागिरी तिथे पक्क्या आहेतच, त्यांना धरून उत्तरेच्या फ्रेम बसवाव्यात. वेळ वाचला असता. क्ष यांनी नकार दिला. रेषांना धरून फ्रेम बसवल्या तर रेषा दिसणारच. निव्वळ नॉइजच्या पुष्कळ फ्रेम घेऊन त्या एखाद्या नमुन्याशी जास्तीत जास्त जुळतील अशा सरकवल्या आणि त्यांची सरासरी काढली, तर तो नमुना आपोआप उगवतो. हा सापळा सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमा जुळवणाऱ्यांना चांगला ठाऊक आहे, अवकाशप्रतिमांच्या हौशी वर्तुळात कमी. म्हणून जुळवणी फक्त जवळच्या ठळक खुणांवर केली: नाळ्यांचे फाटे, उंचवट्याची कड, काळ्या सपाटीची सीमा. दूरचा पट्टा त्या जुळवणीत झाकून ठेवला होता.

झाकण काढल्यावर त्या फ्रेमचे एकाआड एक असे दोन गट केले आणि प्रत्येकाचं स्वतंत्र चित्र बनवलं. दोन्हींत जे त्याच जागी येईल तेच ठेवायचं.

काय निष्पन्न झालं

उत्तरेच्या दोन काळ्या रेषा दोन्ही गटांत आल्या, त्याच दिशेला, एकमेकींपासून तेवढ्याच अंतरावर. पहिल्या चित्रापेक्षा खूपच फिकट, पण आल्या. मग प्रथमच रडारचा पट्टा शेजारी ठेवला. अंतर आणि कल दोन्ही जुळले, वर सांगितलेल्या झोक्याच्या चुकीच्या मर्यादेत.

इथे क्ष यांनी या रेषांकडे पाहण्याची दृष्टी बदलली, आणि प्रकरणाला वळण मिळालं ते त्यामुळे. रेषा सापडल्या असं म्हणण्याऐवजी त्यांनी त्यांना कसोटीचा दगड मानलं. उत्तर आधीच माहीत असलेली ही खूण आपल्या पद्धतीत कितपत ठळक उतरते? त्यावरून पद्धतीची ताकद कळते. याहून फिकट आणि याहून लांब असलेल्या कुठल्याही गोष्टीवर आपण विश्वास ठेवू नये, ही मर्यादा चित्राने स्वतःच आखून दिली.

पश्चिमेचा फिकट डाग मात्र अवघड निघाला. तो कॅमेऱ्याच्या ठशात नव्हता. दोन्ही गटांत होता. पण तो जिथे होता तिथे एका पिक्सेलमध्ये कित्येक किलोमीटर मावतात आणि झोक्याचा अंदाज किंचित बदलला की त्याचं अंतर वाटेल तसं धावत होतं. उजळ जमीन? धुरक्यातला असमानपणा? हवेच्या उजेडाच्या आलेखात सूर्याच्या दिशेचा राहिलेला अंश? य यांचं म्हणणं होतं तो काढून टाकावा. क्ष यांनी तो ठेवला, पण त्याभोवती तुटक रेषा आखली.

अंतिम चित्राच्या दोन आवृत्त्या निघाल्या. एकीत मर्यादेपलीकडचा भाग सपाट करडा आहे. दुसरीत तोच भाग हवेच्या उजेडाच्या गुळगुळीत आलेखाने भरला आहे, म्हणजे डोळ्यांना ते धुरक्यात विरणारं क्षितिज वाटतं. दुसरी जास्त पसंत केली गेली, हे सांगायला नकोच. दोन्ही कृष्णधवल आहेत. नारिंगी छटा द्यायची का यावर वाद झाला, पण क्ष यांचा मुद्दा पटण्यासारखा होता: रंग चढवला की पाहणारा फिकट डागालाही ‘ठिकाण’ समजू लागतो. उभ्या दिशेने ताणून डोंगर उंच दाखवण्याचा मोह तर त्यांनी विचारातच घेतला नाही. उतरण्याच्या जागेजवळचे उंचवटे शेदीडशे मीटरच्या पातळीचे आहेत, आणि ३० किमीवरून तेवढी उंची म्हणजे जेमतेम पिक्सेलभर.

वेगळं काय करता आलं असतं

एकाआड एक फ्रेम घेऊन केलेली विभागणी दिसते तितकी स्वतंत्र नव्हती. लागोपाठच्या फ्रेम जवळपास त्याच उंचीवरच्या, त्याच तापमानातल्या, त्याच कॉम्प्रेशनच्या. दोन्हींत एकच चूक असू शकते आणि मग दोघी एकमेकींची साक्ष देतात. उंचीनुसार विभागणी केली असती तर कसोटी फार कडक झाली असती. ३० किमीवरची खूण ८ किमी उंचीवरून आडव्या पातळीखाली सुमारे १५ अंशांवर दिसते, १५ किमी उंचीवरून सुमारे २७ अंशांवर. म्हणजे प्रतिमेत ५५ ते ६० पिक्सेल सरकायला हवी. १०० किमीवरची खूण त्याच बदलात २० पिक्सेलच्या आसपास सरकते. दोष असला तर तो सरकत नाही, किंवा भलताच सरकतो. वाऱ्याने यान बाजूला गेलं तेवढं हिशेबात धरायचं, बस. पश्चिमेच्या डागाचा निकाल या एका चाचणीने लागण्याची शक्यता होती.

ती कसोटी आधी लिहिलेल्या यादीत नव्हती. डाग दिसल्यावर सुचली, आणि तोवर क्ष यांना त्याबद्दल मत झालं होतं. य यांची अट पूर्ण पाळली असती तर डागाला ‘अनिर्णित’ म्हणण्याऐवजी एका चाळणीतून घालून मोकळं होता आलं असतं.

दुसरी राहून गेलेली गोष्ट म्हणजे खोट्या खुणा पेरणं. मूळ फ्रेममध्ये ठरावीक अंतरावर, ठरावीक फिकटपणाच्या कृत्रिम रेषा टाकायच्या, त्यांवर यानावरच्यासारखंच कॉम्प्रेशन चालवायचं आणि सगळी प्रक्रिया पुन्हा करायची. कोणत्या रेषा परत मिळतात आणि कोणत्या बुडतात, यावरून दृष्टीची सीमा दिशेनुसार काढता आली असती. सध्याची मर्यादा उत्तरेच्या एका जोडीवर बेतलेली आहे आणि सर्व दिशांना तीच लावली आहे. दक्षिणेकडे उपयोगी फ्रेम इतक्या मोजक्या आहेत की तिथे ती बहुधा ढिली पडते.

गुळगुळीत भरलेली दुसरी आवृत्ती काढायला हवी होती का, यावर माझं आणि क्ष यांचं एकमत नाही. त्यांच्या मते चित्र पाहिलंच गेलं नाही तर मर्यादेची पट्टी कुणाला दाखवणार? माझ्या मते भरलेल्या आवृत्तीत मर्यादेची रेषा बारीक का होईना, चित्रावरच हवी होती. सोबतच्या मजकुरातली सूचना चित्राबरोबर फिरत नाही.

सध्या क्ष उंचीनुसार विभागणीचं काम पुन्हा करत आहेत. पश्चिमेकडे १५ किमीच्या वरून त्या दिशेला पाहणाऱ्या फ्रेम हरवलेल्या वाहिनीमुळे फारच थोड्या उरल्या आहेत. त्या पुरल्या तर डाग राहील किंवा जाईल. नाही पुरल्या तर तुटक रेषा तशीच राहील, असं त्यांनी आत्ताच लिहून ठेवलं आहे.